डोळा कोणी लावायचा?
मोठ्या दुर्बिणींच्या इतिहासातील काही पाने

काही वर्षांपूर्वी नववीचा वर्ग घेऊन आम्ही जुन्नरला गेलो होतो. लेण्याद्री आणि मानमोडीच्या डोंगरांतील बौद्ध लेणी मुलांना दाखवावीत, हा सहलीचा मूळ हेतू. परंतु ते दिवस राष्ट्रीय विज्ञान दिनाचे होते. त्या सुमारास खोडद येथील रेडिओ दुर्बीण सर्वांना पाहण्यासाठी खुली असते, म्हणून परतताना नारायणगावाजवळ गाडी आत वळवली. शेतांच्या हिरव्या पट्ट्यांमागे अचानक त्या प्रचंड तबकड्या दिसू लागल्या. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आणि अशा एकूण ३०. चौदा एकाच परिसरात जवळजवळ उभ्या, उरलेल्या सोळा तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांची विरळ जाळी ताणून इतक्या हलक्या आणि तुलनेने स्वस्त तबकड्या उभ्या केल्या, ही माहिती मुले वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, पण हिला डोळा कुठं लावायचा?"

तेथील मार्गदर्शकांनी समजावून सांगितले, की या दुर्बिणीला डोळा लावायचा नसतो; आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती गोळा करते आणि पुढचे काम संगणक करतो. उत्तर बरोबर होते. आम्ही मात्र इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे तो प्रश्न मनात निराळ्याच अर्थाने घोळत राहिला. दुर्बिणीला डोळा कोणी लावायचा, हे चारशे वर्षांत कोणी ठरवले? त्यानंतर जे वाचन झाले, त्यातील काही भाग या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

इ. स. १६०८ मध्ये हॉलंडमधील हान्स लिपरहे या चष्मे करणाऱ्या कारागिराने दुर्बिणीच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला. पुढच्याच वर्षी इटलीत गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून सुधारलेली दुर्बीण केली आणि जानेवारी १६१० मध्ये गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला हा प्रत्यक्ष धक्का होता. त्या वेळी पादुआ विद्यापीठातील क्रेमोनिनी या नामवंत तत्त्वज्ञ प्राध्यापकाने दुर्बिणीला डोळा लावण्यासच नकार दिला. ग्रंथांत जे लिहिले आहे ते त्याला ठाऊक होते. मग पाहायचे कशाला? दुर्बिणीच्या इतिहासातील हा पहिला मोठा वाद आहे आणि तो पाहण्याची पूर्ण मुभा असूनही न पाहणाऱ्याचा आहे. पुढे प्रकरण उलटे होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. दुर्बीण म्हणजे लांबचे मोठे करून दाखवणारे यंत्र, असे आपण समजतो. खगोलशास्त्रज्ञाला तिचे महत्त्व वेगळ्याच कारणासाठी असते. दुर्बीण हे प्रकाश साठवणारे भांडे आहे. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी परातीतच जास्त जमते. शाळेच्या गच्चीवरील आपल्या दुर्बिणीचा आरसा चार इंचांचा आहे. शंभर इंचांचा आरसा तिच्या पंचवीसपट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने ६२५ पट. आपल्या दुर्बिणीतून काळोखच दिसतो, अशा ठिकाणी त्या आरशाला तारे सापडतात. म्हणून दुर्बिणी मोठ्या होत गेल्या.

मोठ्या करण्याचे दोन मार्ग होते. काचेच्या भिंगाचा मार्ग सुरुवातीला सोयीचा वाटला. परंतु भिंगातून जाताना प्रकाशाचे रंग फुटतात आणि चित्राभोवती रंगीत किनार येते. न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाऐवजी अंतर्गोल आरसा वापरून दुर्बीण बनवली. आरसा जेमतेम सव्वा इंचाचा होता, पण आजची प्रत्येक महादुर्बीण त्याच वंशातली आहे.

त्या आरशाला खरी उंची दिली ती विल्यम हर्शेल या संगीतशिक्षकाने. जर्मनीतील हॅनोव्हरहून इंग्लंडला आलेला हा माणूस दिवसा बाथ शहरात गाणे शिकवी आणि रात्री तारे पाही. हवी तशी दुर्बीण विकत मिळेना, म्हणून तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे तो घरीच ओतू आणि घासू लागला. १७८१ मध्ये घरी केलेल्या अशाच दुर्बिणीतून त्याने युरेनस हा ग्रह शोधला. येथवरची कथा पाठ्यपुस्तकांत असते. त्याची बहीण कॅरोलिन मात्र तेथे एखाद्या ओळीपुरतीच भेटते.

कॅरोलिनला शिकवू नये, तिने घरकाम करावे, असे तिच्या आईचे मत होते. विल्यम तिला १७७२ मध्ये इंग्लंडला घेऊन गेला, तेव्हा तिच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून आईला ठरावीक रक्कम देण्याचे त्याला कबूल करावे लागले. मुलीची घरातील किंमत किती, याचा हिशेबच मांडला गेला म्हणा ना! पुढे आरशाच्या साच्यासाठी घोड्याची लीद खलात कुटून चाळण्याचे काम तिने केले. आरसा घासताना हात थांबवता येत नसे. भाऊ सलग सोळा तास घाशीत असताना ती त्याला घास भरवी. रात्री तो शिडीवरून वेध सांगे आणि ती खाली बसून लिहून घेई. १७८३ च्या अखेरच्या रात्री बर्फात धावताना दुर्बिणीच्या खालचा लोखंडी आकडा तिच्या पायात खोल घुसला. तरीही काम थांबले नाही. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड वेतन दिले. विज्ञानाच्या कामासाठी स्त्रीला पगार मिळाल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद आहे.

हर्शेलने १७८९ मध्ये चाळीस फूट लांबीच्या नळीत ४८ इंचांचा आरसा बसवला. ती दुर्बीण हाताळायला इतकी अवघड निघाली, की त्याचे बरेचसे काम वीस फुटी दुर्बिणीनेच झाले. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस याने १८४५ मध्ये ७२ इंचांचा आरसा उभारला. त्यातून काही धूसर तेजोमेघ भोवऱ्यासारखे सर्पिल आहेत, हे प्रथमच दिसले. परंतु लगेच तेथे भीषण दुष्काळ पडला आणि वेधांचे काम खोळंबले. धातूच्या आरशांचा मोठा दोष म्हणजे ते काळवंडत आणि पुन्हा घासावे लागत. पुढे काचेवर चांदीचा पातळ थर देण्याची युक्ती निघाली आणि ती अडचण संपली.

भिंगांच्या दुर्बिणीही दरम्यान वाढत होत्या. १८९७ मध्ये अमेरिकेत यर्क्स वेधशाळेत ४० इंचांचे भिंग बसले आणि तेथेच तो मार्ग संपला. भिंगाला फक्त कडेने धरता येते. मोठे भिंग स्वतःच्या वजनानेच लवते. आरशाला पाठीमागून आधार देता येतो. त्याच काळात, १८८८ मध्ये, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा सुरू झाली होती. तेथे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या हाताखाली २० इंची आरशाची दुर्बीण होती आणि भारतात त्या वेळी तिच्या तोडीची दुसरी नव्हती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि यंत्रे कोडाईकॅनालला गेली. पुणेकरांनाही हे फारसे ठाऊक नसते.

आता कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन. आमच्या मते दुर्बिणींच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा डोंगर हाच. जॉर्ज हेल या खगोलशास्त्रज्ञाने येथे १९०८ मध्ये ६० इंची आणि १९१७ मध्ये १०० इंची दुर्बीण उभारली. शंभर इंचांची काच फ्रान्समध्ये ओतली गेली होती. ती आली तेव्हा आत बुडबुडे दिसले. दुसरी काच ओतण्याचे प्रयत्न फसले, म्हणून अखेर हीच घासली. नोव्हेंबर १९१७ मध्ये पहिल्या रात्री गुरूकडे पाहिले, तर एकाच्या जागी अनेक गुरू एकमेकांवर चढलेले दिसले! हेल खचला. दिवसा कामगारांनी घुमट उघडा ठेवल्यामुळे उन्हाने आरसा तापला असावा, अशी शंका आली. पहाटे तीनच्या सुमारास आरसा निवल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा अभिजित तारा एका टोकदार ठिणगीसारखा दिसला.

हे सारे सामान डोंगरावर नेण्यात खेचरांचे तांडे होते आणि त्या खेचरांमागे चालणाऱ्यांत मिल्टन ह्युमासन नावाचा एक मुलगा होता. चौदाव्या वर्षी त्याने शाळा सोडली होती. १९१७ मध्ये तो वेधशाळेत झाडलोटीच्या कामाला लागला. रात्री एखादा मदतनीस कमी पडला की तो दुर्बिणीपाशी उभा राही, आणि तेथेच त्याच्या हाताचे आणि चिकाटीचे मोल हेलच्या ध्यानात आले. पदवी नाही, शाळेचा दाखलाही नाही, असा माणूस वैज्ञानिकांमध्ये घेण्यास विरोध झाला. हेलने तो मानला नाही.

त्या वेळचा मोठा प्रश्न असा होता. देवयानी तारकासमूहात दिसणारा धूसर ठिपका आपल्या आकाशगंगेतच आहे, की ती आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे? १९२० मध्ये अमेरिकेत यावर जाहीर चर्चा झाली. हार्लो शॅप्ले हे आकाशगंगा म्हणजेच विश्व, या पक्षाचे होते. ह्युमासनने देवयानीच्या छायाचित्राच्या काचेवर काही बदलते तारे शाईने खुणा करून त्यांना दाखवले, तेव्हा ते तेथे असूच शकत नाहीत असे सांगून शॅप्ले यांनी खिशातून रुमाल काढला आणि खुणा पुसून टाकल्या, अशी आठवण सांगितली जाते. क्रेमोनिनीला तीनशे वर्षे झाली होती.

ऑक्टोबर १९२३ मध्ये शंभर इंची दुर्बिणीवर एडविन हबल यांना देवयानीत तसाच बदलता तारा सापडला. तो सेफीड जातीचा होता. या ताऱ्यांचे महत्त्व समजण्यासाठी हार्वर्ड वेधशाळेच्या एका खोलीत जावे लागते. तेथे कमी वेतनावर नेमलेल्या स्त्रिया काचांवरील तारे मोजत. रात्री दुर्बिणीवर बसणे पुरुषांचे काम मानले जाई. हेन्रिएटा लेविट त्यांपैकी एक. ऐकू कमी येई, वेतन तासाला सुमारे ३० सेंट. छोट्या मॅगेलन मेघातील २५ सेफीड ताऱ्यांचा अभ्यास करून १९१२ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की ज्या ताऱ्याची तेजस्विता कमीजास्त होण्याचे चक्र लांब, तो तारा मुळात अधिक तेजस्वी. रात्री माळावर दूर एक दिवा दिसला, तर तो जवळचा बारीक दिवा की लांबचा मोठा दिवा, हे कळत नाही. पण तो शंभर वॅटचा आहे असे कळले, तर अंतर काढता येते. लेविट यांनी ताऱ्यांचे वॅट वाचायला शिकवले.

हबल यांनी तीच मोजपट्टी लावली. अंतर निघाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आकाशगंगेचा व्यास शॅप्ले यांच्या सर्वांत मोठ्या अंदाजानेही तीन लाख प्रकाशवर्षांचा होता. देवयानी बाहेरच होती. जानेवारी १९२५ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. त्याच वर्षी एका स्वीडिश गणितज्ञाने लेविट यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवावे म्हणून त्यांना पत्र लिहिले. त्यांचे १९२१ मध्येच निधन झाल्याचे त्याला माहीत नव्हते.

त्यानंतर ह्युमासनचे काम सुरू झाले. दूरच्या दीर्घिकेचा मंद प्रकाश वर्णपटात पसरवून काचेवर उतरवायचा, तर एकाच दीर्घिकेसाठी रात्रीमागून रात्री दुर्बीण नेमकी त्या ठिपक्यावर धरून ठेवावी लागे. घुमट उघडा आणि हिवाळ्याची थंडी. ह्युमासनसारखी नजर आणि हात दुसऱ्या कोणाकडे नव्हते. प्रकाश लाल रंगाकडे जितका सरकलेला, तितकी दीर्घिका वेगाने दूर जाते. हबल यांनी १९२९ मध्ये अंतर आणि वेग यांचा संबंध मांडला. तो नियम अधिकाधिक दूर नेण्याचे वेध ह्युमासनचे. सेकंदाला सुमारे ४२ हजार किलोमीटर वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिकेपर्यंत तो पोहोचला. विश्व प्रसरण पावते आहे, या सिद्धांतामागचा कितीतरी पुरावा खेचरे हाकणाऱ्या या माणसाने गोळा केला आहे. १९५० मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. आम्ही वर्गात हबल शिकवतो तेव्हा ह्युमासनचे नाव फळ्यावर शेजारी लिहितो.

हेलचे अखेरचे स्वप्न पॅलोमार डोंगरावरची २०० इंची दुर्बीण. १९३४ मध्ये तिची काच ओतताना पहिल्या खेपेस साच्याचे तुकडे सुटून वर आले. दुसरी खेप साधली. १९३६ मध्ये ती काच खास आगगाडीने संथ गतीने अमेरिका ओलांडून गेली आणि ठिकठिकाणी लोक रुळांकाठी तिला पाहायला उभे राहिले. मध्ये महायुद्ध आले. १९४८ मध्ये दुर्बिणीचे उद्घाटन झाले, तेव्हा हेलला जाऊन दहा वर्षे झाली होती. पॅलोमारच्या वेधांमुळे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवले, की सेफीड दोन प्रकारचे असतात आणि देवयानी मानल्यापेक्षा दुपटीहून दूर आहे. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. १९६३ मध्ये याच दुर्बिणीवर मार्टेन श्मिट यांनी पहिल्या क्वेसारचे कोडे उलगडले.

या दोन्ही डोंगरांवर खगोलशास्त्रज्ञांच्या निवासाला 'मोनॅस्टरी', म्हणजे मठ म्हणत, आणि त्या मठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. मार्गारेट बर्बिज या इंग्लंडच्या संशोधिकेने माउंट विल्सनवर वेध घेण्याच्या शिष्यवृत्तीसाठी विचारले, तेव्हा ती पुरुषांसाठी आहे असे उत्तर मिळाले. १९५५ मध्ये युक्ती काढली गेली. तिचे पती जेफ्री यांनी, जे मुळात कागदावर गणित करणारे, वेधांसाठी अर्ज केला आणि ती त्यांची मदतनीस म्हणून डोंगरावर गेली. राहायचे मठाबाहेरच्या झोपडीवजा घरात, जेवण आपले आपण करायचे. दुर्बीण चालवत होती ती! दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, या पतिपत्नींनी फाउलर आणि हॉइल यांच्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील कॅल्शियम ताऱ्यांच्या पोटात कसे घडले, हे जगाला कळले. पाणी सर्वांचे, मात्र तळ्यावर यायचे नाही, हा न्याय ज्यांच्या वाडवडिलांनी सोसला, त्यांना बर्बिज यांची हकिकत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पॅलोमारवर व्हेरा रुबिन यांना १९६५ मध्ये रीतसर परवानगी मिळाली, तीही स्वच्छतागृह एकच आहे, ही सबब ऐकल्यानंतर. पुढच्या एका खेपेस त्यांनी कागदाचा छोटा घागरा कापून तेथील दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला आणि म्हटले, झाली की आता स्त्रियांची सोय. केंट फोर्ड यांच्यासह त्यांनी दाखवून दिले, की दीर्घिकेच्या कडेचे तारे आतल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने फिरतात. दिसणाऱ्या ताऱ्यांचे वजन त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. म्हणजे न दिसणारे काहीतरी पुष्कळ आहे. ते कृष्णद्रव्य काय आहे, हे अजून उलगडलेले नाही.

पॅलोमारनंतर काचेचे वजन आडवे आले. रशियाने सहा मीटरचा अखंड आरसा केला, पण त्या पद्धतीने पुढे जाणे अवघड होते. जेरी नेल्सन यांनी अखंड आरशाचा हट्टच सोडला. हवाई बेटांतील माउना केआ पर्वतावरील केक दुर्बिणीत १.८ मीटरचे ३६ षट्कोनी आरसे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जोडून दहा मीटरचा एक आरसा केला आहे. संगणक त्यांना क्षणोक्षणी एका पातळीत ठेवतो. वातावरणामुळे होणारी ताऱ्याची थरथरही आता आरसा किंचित वाकवून काढून टाकता येते. या साधनांनी आंद्रिया गेझ यांनी केकवर आणि राइनहार्ड गेंझेल यांनी चिलीमध्ये आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणारे तारे वर्षानुवर्षे टिपले. तेथे सूर्याच्या सुमारे ४० लाखपट वस्तुमान दडलेले आहे. २०२० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

त्याच पर्वतावर ३० मीटरची दुर्बीण व्हायची आहे आणि तिच्यात भारतही भागीदार आहे. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तेथील मूळ रहिवाशांनी रस्ता अडवला. वृद्धांना अटक झाली. पर्वत पवित्र आहे, असे ते म्हणतात. श्रद्धेसाठी विज्ञान अडवणे आम्हाला पटणारे नाही, आणि प्रथम आम्ही ते मत वर्गात मांडलेही होते. नंतर त्या बेटांचा इतिहास वाचला. १८९३ मध्ये तेथील राणीचे राज्य उलथवले गेले, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली, आणि ज्यांची जमीन होती ते आपल्याच भूमीत बाजूला पडले. तेव्हा हा वाद केवळ श्रद्धेचा नाही, विचारल्याशिवाय घेतलेल्या जागेचाही आहे. पुढच्या वर्षी आम्ही वर्गात आपले मत दुरुस्त केले. दुर्बीण व्हावी, असे आजही वाटते. पण त्या लोकांची संमती घेऊन.

चिलीमध्ये ३९ मीटरच्या आरशाची दुर्बीण उभी राहत आहे. तेथेच सेरो पाचोन डोंगरावर ८.४ मीटरच्या दुर्बिणीची एक वेधशाळा पूर्ण झाली असून तिला व्हेरा रुबिन यांचे नाव दिले आहे. जून २०२५ मध्ये तिची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. दर काही रात्रींत ती दक्षिणेकडचे सारे आकाश टिपून काढणार आहे आणि हे काम दहा वर्षे चालेल. तिलाही खोडदप्रमाणेच डोळा लावण्याची जागा नाही. मात्र आकाशात काही बदलले, की तिच्याकडून निघणारे इशारे जगात कोणालाही पाहता येतील, अशी व्यवस्था आहे. आपल्या शाळेच्या संगणक कक्षात दहावीच्या मुलांना ते दाखवण्याचा आमचा विचार आहे. त्यातील तांत्रिक भाग आमच्या आवाक्यातला नाही. संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी एखादा शनिवार देऊ शकत असेल, तर कार्यालयात नाव नोंदवावे. मुक्कामाची सोय वसतिगृहात होईल.